एक केळं, अकरा हात

तुमच्याकडे चार पैसे आलेत. कपाशीने दिले असतील, प्लॉटिंगने दिले असतील, ते विचारणारा मी कोण? लोक आता तुम्हाला 'भाऊ' म्हणू लागलेत आणि वाढदिवस दीड महिन्यावर आलाय. म्हणजे समाजसेवेची वेळ झाली. ती कशी करावी हे मी खान्देशातल्या अनेक मांडवांत दुसऱ्या रांगेत बसून शिकलोय. (पहिल्या रांगेत सोफे असतात, ते उशिरा येणाऱ्यांसाठी.) ते ज्ञान तुम्हाला फुकट देतो. ही माझीही देणगीच धरा, फोटो नको.

सुरुवात केळ्याने करा. सरकारी दवाखान्यात फळवाटप. जळगाव जिल्ह्यात केळं वाटायचं म्हणजे पंढरपुरात बुक्का वाटायचा, हे मान्य. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ज्या रुग्णाच्या हातावर तुम्ही एक केळं ठेवता त्याच्या रावेर-यावलकडच्या वावरात घडच्या घड लटकलेले असतात. भाव पडला म्हणून त्यातले काही त्याने परवाच ढोरांपुढे टाकलेले असतात. पण सफरचंद महाग पडतं, आणि केळं फोटोत लांबूनही ओळखू येतं. एका केळ्याला अकरा हात लागले पाहिजेत, तुमचा सर्वांत पुढे. बारावा हात रुग्णाचा. त्यात सलाईन असेल तर दुसरा पुढे करायला सांगा. साखरेचा आजार आहे का, हे विचारू नका, वेळ जातो. एकदा एका म्हातारीने असाच हात धरून ठेवला होता. कॅमेरावाल्याला उजेड पटेना. शेवटी ती म्हणाली, "भाऊ, फोटू हुई ग्या का? मना हात दुखी ऱ्हायना." (माझा हात दुखतोय.) सगळे हसले. तिला दुसरं केळं मिळालं.

पुढची पायरी ब्लँकेट. धुळ्यात थंडी पडली की वर्तमानपत्रात पाऱ्याची बातमी येते. ती वाचल्यावर वर्गणी, मग खरेदी, मग प्रमुख पाहुण्यांची तारीख. या क्रमाने गेलात की वाटप बरोबर जानेवारीच्या शेवटी येतं. तोवर सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतली कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. दिवाळीनंतर जातात, होळीला परततात. घराला कडी, अंगणात एखादी आजी आणि दोन बकऱ्या. म्हणून ट्रक डोंगरात नेऊच नका. शहाद्याच्या अलीकडे एखाद्या चौकात थांबवा, ड्रायव्हरलाही घाट नको असतो. बाजाराला आलेला जो कोणी डोक्याला फडकं बांधलेला दिसेल तो आदिवासी समजावा. त्याच्या अंगावर ब्लँकेट घालताना शालीसारखं घाला, म्हणजे सत्कारही होऊन जातो. थंडी खरी कुठे वाजते, उसाच्या फडातल्या पालात की पाड्यावरच्या घरात, हा प्रश्न अभ्यासकांचा. तुम्ही दाते आहात.

जुने कपडे देणार असाल तर 'माणुसकीची भिंत' बघा: नको असलेलं तिथे ठेवायचं, ज्याला हवं त्याने न्यायचं. तिथे कोणी कोणाला दिसत नाही, ही खरं तर चांगली सोय. पण मग तुम्हीही दिसत नाही. शिवाय तिथे मी लग्नातली शेरवानी पाहिली आहे, अस्तर नसलेला कोट पाहिला आहे आणि एक, फक्त एक, डाव्या पायाचा बूट. आठवडाभराने बूट गेला होता. शेरवानी तशीच होती.

एक सावधगिरीचा इशारा. अमळनेरच्या प्रताप शेठांची नक्कल करू नका. गिरणीत पैसा मिळवला आणि त्या माणसाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. तत्त्वज्ञानाचा फोटो निघतो का? ते घेताना अकरा हात लागतात का? त्याच संस्थेच्या ओढीने साने गुरुजी अमळनेरला आले, मग तिथल्याच शाळेत सहा वर्षं शिकवत राहिले, आणि आपल्याला आयुष्यभर पुरेल असा एक फोटो मिळाला, एवढाच काय तो फायदा. तो बॅनरवर डाव्या कोपऱ्यात टाका. उजव्या कोपऱ्यात बहिणाबाई. मधली जागा तुमची.

आता महोत्सव. हे तुमच्या कारकिर्दीतलं मोठं काम, म्हणून जरा बैजवार सांगतो.

'विविधतेत एकता' हे नाव ठेवा, कोणाचा विरोध होत नाही. आपल्या तीन जिल्ह्यांत अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिली, पावरी, मावची, तडवी, गोरमाटी, उर्दू, सिंधी, मारवाडी, गुजराती एवढं सगळं बोललं जातं. त्यामुळे निवेदिका पुण्याची आणा. सुरुवातीला तिला अहिराणीतलं एक वाक्य पाठ करायला द्या: "बठ्ठा मजामा शेतस ना?" (सगळे मजेत आहेत ना?) टाळ्या पडतील. मग पुढचे तीन तास कोणीही आपली भाषा बोलायची नाही, फक्त नाचायचं. बहिणाबाईंना 'अहिराणीच्या थोर कवयित्री' म्हणू द्या. असोद्या-जळगावकडची लेवा मंडळी खुर्चीत चुळबुळ करतील, कारण ती बोली त्यांच्या घरातली. पण उठून सांगणार कोण? माइक स्टेजवर असतो. गुरुजींची आंतरभारती म्हणजे एकमेकांच्या भाषा शिकायच्या. आपण सोयीने एकमेकांचे फेटे घालायचे.

सातपुड्यातली पोरं हवीतच, त्यांच्याशिवाय पोस्टर उठत नाही. होळीच्या दिवसांत काठी गावाला बुध्या, बावा होऊन नाचणारे नवस बोललेले असतात. कित्येक दिवस नेम पाळतात, खाटेवर बसत नाहीत, जमिनीवर निजतात. कमरेला घुंगरं आणि भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. हे सगळं तुम्ही २६ जानेवारीच्या आसपास संध्याकाळी चार मिनिटांत बसवा. नेम, नवस काही नको. खाट नसली तरी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. पाचव्या मिनिटाला ढोलवाल्याला थांबवायला एक धट्टाकट्टा कार्यकर्ता ठेवा, कारण त्यांचा ढोल घड्याळ बघत नाही. लगेच सिंधी कॉलनीचा गट, मग उर्दू शाळेच्या मुलींचं देशभक्तिपर गीत. तेच गायला सांगा. दुसरं काही गातो म्हणाल्या तर वेळ नाही म्हणा.

खाण्याचे स्टॉल लावाल तेव्हा शेवभाजी आणि वरण-बट्टी असू द्या. भरीतही ठेवा, पण ते कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं नसेल आणि खायला वावर नसेल तर ती वांग्याची भाजीच असते, हे माझं प्रामाणिक मत. सल्ल्यात मोडत नाही. पारंपरिक दिसावं म्हणून एकाने 'कानबाईचे रोट, ऐंशी रुपये प्लेट' अशी पाटी लावली होती. ज्यांच्या घरी श्रावणात कानबाई, म्हणजे खान्देशातली देवी, बसते त्या बाया ती पाटी वाचून गप उभ्या राहिल्या. रोट भाऊबंदकीतच खायचा असतो, परक्याला देत नाहीत. संयोजक मात्र खूश होते. पाहुण्यांनी दोन प्लेटा घेतल्या होत्या.

रमजानमध्ये इफ्तार ठेवाल तेव्हा वेळ नीट साधा. टोपी, खजूर, फोटो आणि अजान होईपर्यंत तुमची गाडी वळलेली. जेवायला थांबलात तर पुढच्या सप्ताहाच्या महाप्रसादाला उशीर होतो.

पावतीचं सीएला विचारून ठेवा. दोन हजारांहून जास्त रोख दिलीत तर करसवलत नाही आणि वस्तू दिल्या तर मुळीच नाही. म्हणजे केळं आणि ब्लँकेट हे शुद्ध पुण्य, हे ऐकून बरेच दाते खचलेले मी पाहिले आहेत. खचू नका. मंडपवाला, साउंडवाला, ड्रोनवाला यांची बिलं तुमच्या फर्मच्या नावावर जाहिरात म्हणून लागतात का, तेही त्याच बैठकीत विचारा. माझ्या ओळखीच्या एकाचा हिशेब मी पाहिला होता. ब्लँकेटांपेक्षा ब्लँकेट वाटपाचा मंडप महाग होता, पण मंडप खरंच सुरेख होता.

शेवटचं, फ्लेक्सचं. इथे कंजुषी नको. बारा बाय वीसचा छापा, जाड घ्या, कडांना पितळी रिंगा मारून घ्या. परवा महोत्सव संपल्यावर रात्री अकराला ती सातपुड्यातली पोरं मैदानाच्या कडेला बसली होती. त्यांना आणायला गाडी सांगितली होती, सोडायला सांगायची राहिली होती. त्यातल्या एकाने कार्यकर्त्याला विचारलं, "दादा, हा बॅनर नेऊ का?" कार्यकर्ता म्हणाला, ने. पोरांनी तो चौघांत धरून उतरवला, नीट घडी केली आणि पहाटेच्या एसटीपर्यंत अंगावर ओढून घेतला. आता तो कुठल्यातरी पाड्यावर छपरावर असेल आणि जूनमध्ये पाणी अडवेल. अडवणारच. कापड खरोखर चांगलं होतं.

तोंडाची बाजू वर ठेवायची की खाली, ते मात्र त्यांना सांगायला जाऊ नका.