हलक्या कानाची गाडी

आमच्या गाडीला चढ दिसला की तिचं अवसान गळतं. अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवा. आवाज विमानाचा, वेग हातगाडीचा. परवा एका स्कूटरवाल्याने ओव्हरटेक करताना वळून पाहिलं. शिवी दिली असती तर चाललं असतं, पण त्या नजरेत कणव होती.

पेट्रोलपंप बदलून पाहिला, एअर फिल्टर बदलला, डिकीतला पसारासुद्धा काढला. शेवटी मेकॅनिकला शरण गेलो. त्याने स्कॅनर लावून चढावर एक फेरी मारली.

"साहेब, टायमिंग मागे जातंय. नॉक सेन्सर."

"खराब झालाय?"

"चांगला आहे, म्हणून तर!"

मग माझी शिकवणी झाली. पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच प्लगची ठिणगी पडते, ती वेळ म्हणजे टायमिंग. कधीकधी मात्र ज्वाळा पोचायच्या आत उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपणहूनच भडकतं आणि टकटक, म्हणजे नॉकिंग, सुरू होते. ती जोरात चालू राहिली तर पिस्टनची वाट लागते. म्हणून इंजिनच्या ब्लॉकवर हा सेन्सर आवळलेला असतो. आत पिझो स्फटिक, दाब पडला की वीज देणारा. (हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली शोधला, पुढे त्याला माझ्या बॉनेटखाली दिवस काढावे लागतील हे त्यांना कुठलं ठाऊक!) साधारण ६-७ हजार हर्ट्झची थरथर जाणवली की कॉम्प्युटर ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. ताकद जाते, पिस्टन वाचतो. टकट‍क थांबल्यावर टायमिंग पूर्ववत होतं, पण चाचपडत, थोडं थोडं करून. आमच्या घरातले रुसवेही असेच निघतात.

"पण मला कधी टकटक ऐकू आली नाही."

"रेडिओ बंद असतो का कधी?"

मी गप्प. त्याने टॉर्च मारला, आत हात घातला आणि दोन बोटांनी एक ब्रॅकेट हलवली. खडखड! बोल्ट सैल झाला होता. ती खडखड ब्लॉकमधून सेन्सरपर्यंत जायची आणि तो तिलाच नॉकिंग समजायचा. म्हणजे इतके दिवस कुणीतरी चुगली करत होतं आणि माझी गाडी हातपाय गाळत होती.

अर्ध्या मिनिटात बोल्ट आवळला गेला. पहिला चढ गाडीने हसत घेतला. मी खुशीत रेडिओ लावला. पुढच्या चढाला पुन्हा तीच मरगळ! चरफडत रेडिओ बंद केला, तर टक-टक-टक, अगदी स्वच्छ ऐकू आली. या वेळी चुगली नव्हती, नॉकिंग खरंच होतं.

खाली पाहिलं. गिअर पाचवा होता.