फुग्याला इंजिन असतं का?

विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या बहिणीला हा मेसेज आला आणि 'वर्गात सांगू का?' असं तिने विचारलं, म्हणून लिहितोय. मेसेज म्हणतो : आर्क्टिकवर उंचावर काजळी आहे हे खोटं, मोजणारी विमानं स्वतःचाच धूर मोजतात, जमिनीवरच्या केंद्रांत काजळी घटली, म्हणजे प्रश्न संपला, आणि वरच्या काजळीने खालच्या बर्फाचं काय बिघडणार?

पहिला मुद्दा वाचून संताप आला. हवा आत घेणारी नळी पुढे तोंड करून, इंजिनाच्या धुरापासून दूर बसवतात. विमान पुढे जातं, धूर मागे राहतो. पण विमान सोडा. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यी-ओलेसुंदला, जिथे भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, तिथे २०११-१२ मध्ये इटालियन संशोधकांनी दोरीला बांधलेला फुगा १२०० मीटरपर्यंत चढवून उंचीनुसार सुमारे २०० नोंदी घेतल्या. फुग्याखालचं छोटं यंत्र हवा फिल्टरमधून ओढतं. फिल्टर जितका काळवंडतो, तितका आरपार जाणारा प्रकाश घटतो, त्यावरून काजळी कळते. जवळपास ३१ टक्के नोंदींत वर जाताना काजळी आणि हवेतले इतर सूक्ष्म कण वाढत गेले. वसंतात दूरची प्रदूषित हवा वरच्या थरांतून येते, तिचा हा परिणाम. उन्हाळ्यात उलटही दिसलं, खालीच कण जास्त. त्यात जहाजांच्या धुराचाही वाटा होता. मग फुग्याने मोजलेली ही काजळी कुठल्या विमानाची?

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करावंच लागेल. कॅनडातल्या अलर्ट आणि अलास्कातल्या बॅरो केंद्रांवर काजळी १९९० च्या आसपासपेक्षा कमी झाली आहे. पण आर्क्टिकच्या हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे दोन्ही थर सहजी मिसळत नाहीत. दक्षिणेकडची उबदार हवा त्या गार थरावरून चढत येते आणि तिच्यातली काजळी वरच राहते. जमिनीवरच्या यंत्राला ती दिसणार कशी?

तिसऱ्याचं उत्तर थोडक्यात. उंचावरची काजळी ऊन शोषून तिथली हवा तापवते, पण खाली पोचणारं ऊन थोडं अडवते. जमिनीजवळची काजळी खालचीच हवा तापवते. बर्फावर बसलेली त्याची चकाकी घालवते आणि बर्फ लवकर वितळतो. काजळी तीच, उंचीनुसार परिणाम वेगळा. उंचीनुसार मोजायचं ते यासाठीच.

शेवटी 'म्हणजे कार्बन डायऑक्साइड निर्दोष' असंही जोडलंय. काजळी हवेत काही दिवस, फार तर काही आठवडे टिकते. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा शतकानुशतकं राहतो. दोन्ही तापवतात, एकामुळे दुसरा सुटत नाही.