एका रेघेवर निर्धास्त झोपू नका

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरतोय. त्याचं सार असं: हार्ट अटॅक ओळखायला आता दवाखाना लागत नाही. ट्रोपोनिनचं कार्ड ऑनलाइन मिळतं, ते घरात आणून ठेवा. छातीत दुखलं की बोटाचं रक्त त्यावर टाका. एक रेघ आली तर गॅस, दोन आल्या तर अटॅक. ईसीजी नॉर्मल आला असेल तर विषयच संपला. वर्षातून एकदा रक्ताचं ‘कार्डियाक पॅकेज’ केलं की ब्लॉकेज कळतात. बाकी स्ट्रेस टेस्ट, अँजिओग्राफी ही पैसे उकळायची कामं. खाली हात जोडलेले इमोजी.

यात ट्रोपोनिन तेवढं खरं आहे, आणि म्हणूनच निरोप पटतो. हृदयाच्या स्नायूंतलं हे प्रथिन स्नायूला इजा झाली की रक्तात उतरतं. आज हार्ट अटॅकच्या निदानात याच्याइतकी भरवशाची रक्ततपासणी दुसरी नाही. पण ती कधी केली आणि आकडा कुणी वाचला, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी ती एक रेघ. ट्रोपोनिन रक्तात यायला वेळ लागतो. साध्या चाचणीला ते दिसू लागेपर्यंत तीन-चार तास, कधी जास्तही जातात. माणूस कार्ड काढतो ते कळ आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, म्हणजे नेमकं अशा वेळी जेव्हा खऱ्याखुऱ्या अटॅकमध्येही एकच रेघ येणार. वर या कार्डांची नजरही अधू. बाजारातली बरीच कार्डं मिलिलिटरमागे ०.५ नॅनोग्रॅमच्या वर ट्रोपोनिन गेलं तरच दुसरी रेघ दाखवतात. हेच माप लिटरमध्ये मांडलं तर ५०० नॅनोग्रॅम होतं. मोठ्या रुग्णालयांतल्या हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे अगदी थोडं ट्रोपोनिनही पकडणाऱ्या यंत्रांवर नॉर्मलची वरची मर्यादा बहुधा १० ते ५० नॅनोग्रॅमच्या दरम्यान असते. म्हणजे आकडा ३०० असलेला माणूस कॅज्युअल्टीत सरळ आयसीयूत जाईल आणि घरी ‘गॅस आहे’ म्हणून ओव्याचं पाणी पिऊन कुशीवर वळेल.

(मापांचा हा घोळ रिपोर्ट वाचतानाही होतो. एका लॅबचा ०.०४ आणि दुसऱ्या लॅबचा ४० हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘हजारपट वाढलं’ म्हणून घर डोक्यावर घेतलं जातं. पहिला मिलिलिटरमागे असतो, दुसरा लिटरमागे. ट्रोपोनिन तेवढंच.)

शिवाय ‘अनस्टेबल अँजायना’ नावाचा प्रकार आहे. रक्तवाहिनी अरुंद होऊन छातीत दुखतं, बसल्या जागी दुखतं, पण स्नायू अजून मेलेला नसतो. ट्रोपोनिन नॉर्मल येतं, आणि धोका मात्र खरा असतो. असा माणूस घरी झोपवायचा नसतो.

आता दोन रेघा म्हणजे अटॅकच, हा मुद्दा. डायलिसिसवरच्या रुग्णाचं ट्रोपोनिन एरवीही चढलेलं असू शकतं. फुप्फुसात गुठळी अडकली, रक्तात जंतुसंसर्ग पसरला, हृदयाच्या स्नायूला सूज आली, हार्ट फेल्युअर बळावलं तरी ते वाढतं. मॅरेथॉन पळून आलेल्या धडधाकट माणसातही थोडा वेळ वाढलेलं सापडतं. म्हणून हार्ट अटॅकची २०१८ सालची आंतरराष्ट्रीय व्याख्या नुसता वाढलेला आकडा पुरेसा मानत नाही. आकडा चढता किंवा उतरता हवा, आणि जोडीला स्नायूला रक्त कमी पडल्याची खूण हवी: तशी कळ, ईसीजीतला बदल किंवा इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची भिंत नीट न हलणं. यासाठीच रक्त दोनदा काढतात. यंत्राप्रमाणे एक, दोन किंवा तीन तासांच्या अंतराने. समजा एकाचं ६२ आलं आणि नंतर ६१. दुसऱ्याचं ९ आलं आणि नंतर ४८. पहिला आकडा मोठा असूनही अटॅकचा दाट संशय दुसऱ्यावर. नातेवाईक मात्र ‘आत्ताच तर रक्त घेतलं, परत कशाला? बिल वाढवायला?’ म्हणून तिथेच हुज्जत घालतात.

ईसीजी नॉर्मल म्हणजे विषय संपला? पहिला ईसीजी नॉर्मल येऊन नंतरच्यात अटॅक दिसला, हे काही दुर्मीळ नाही. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक तर नेहमीच्या बारा लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे बघणाऱ्या ईसीजीच्या बारा कोनांत, लपून राहू शकतो. त्यासाठी पाठीवर लीड लावावे लागतात. म्हणून दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात तर छातीत कळ न येता नुसता दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, दरदरून घाम एवढंच असू शकतं.

उलट बाजूही पाहा. ईसीजीच्या रेघेतला ‘एसटी’ नावाचा भाग ठळक वर उचललेला दिसला आणि लक्षणं जुळली, तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी कुणी थांबत नाही, थांबूही नये. गोव्यात २०१८ मध्ये सुरू झालेली स्टेमी योजना (स्टेमी म्हणजे असा ‘एसटी’ उचललेला अटॅक) याच तत्त्वावर चालते. आरोग्य केंद्रात ईसीजी काढायचा, तो लगेच तज्ज्ञांकडून वाचून घ्यायचा, गरज असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात हलवायचा. कार्डावर रेघ उमटायची वाट बघण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात स्नायू मरत असतो.

वार्षिक पॅकेजबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. त्यातला डी-डायमर कोविडमुळे घरोघरी पोचला. तो शिरांतल्या आणि फुप्फुसांतल्या गुठळ्यांसाठी आहे, हृदयातलं ब्लॉकेज तो सांगत नाही. सीआरपी हे शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन सर्दी-तापानेही वाढतं. होमोसिस्टीन हे रक्तातलं अमिनो आम्ल आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींत बी-१२च्या कमतरतेमुळे वाढलेलं असणं नेहमीचंच, आणि गोळ्यांनी ते खाली आणून अटॅक कमी होतात का, हे मोठ्या अभ्यासांत तपासलं तेव्हा फायदा दिसला नाही. पॅकेजमधला एसजीओटी तर गंमतच आहे: १९५४ साली हार्ट अटॅकसाठी वापरलेली ही पहिली रक्ततपासणी आज लिव्हरच्या रकान्यात बसते. कामाचं म्हणाल तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), साखर आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए), म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, जो आनुवंशिक असतो. पण यातून धोका किती ते कळतं, ब्लॉकेज कुठे आहे ते नाही.

राहिला पैसे उकळण्याचा आरोप. तो हवेतला नाही. दुखणं स्थिर असलेल्या, औषधांवर ठीक असलेल्या रुग्णांत सरसकट स्टेंट टाकल्याने मृत्यू कमी होत नाहीत, हे पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या ‘इस्केमिया’ नावाच्या अभ्यासात दिसलं. त्याचे निकाल २०१९ साली मांडले गेले. अशा वेळी ‘डॉक्टर, औषधांवर भागणार नाही का?’ असं जरूर विचारा, दुसऱ्याचं मतही घ्या. पण त्या अभ्यासात ताज्या अटॅकचे रुग्ण घेतलेच नव्हते. रात्री दोनला घामाघूम होऊन छाती धरून बसलेल्या माणसाला तो निकाल लागू नाही. तिथे १०८ला फोन लावायचा.