मॅकार्थीच्या नावावर खपवलेली काळी यादी

पटकथालेखक डाल्टन ट्रम्बोवरचा 'ट्रम्बो' (2015) हा सिनेमा पाहून झाला की एक पोस्ट हमखास फिरते: "सिनेटर मॅकार्थीने हॉलिवूडच्या निरपराध लेखकांवर कम्युनिस्ट असल्याचा खोटा आळ घेऊन त्यांना तुरुंगात डांबलं. शेवटी एकट्या कर्क डग्लसने 'स्पार्टाकस'वर डाल्टन ट्रम्बोचं नाव छापून काळी यादी मोडली." वाक्यं दोनच, पण चुका खच्चून भरलेल्या.

मॅकार्थी सिनेटर. लेखकांना ऑक्टोबर 1947 मध्ये चौकशीला हजर केलं ते अमेरिकी काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या समितीने. मॅकार्थीचा कम्युनिस्टांविरुद्धचा गवगवा सुरू झाला फेब्रुवारी 1950 मध्ये, तोवर ट्रम्बो दोषी ठरूनही झाला होता. समितीचा अध्यक्ष होता जे. पार्नेल थॉमस. हा गृहस्थ पुढे कचेरीतल्या पगाराच्या अफरातफरीत डॅनबरीच्या तुरुंगात गेला, आणि 1950 मध्ये त्याच तुरुंगात दाखल झाले त्याच्यासमोर चौकशीला उभे राहिलेले लेखक रिंग लार्डनर ज्युनियर आणि लेस्टर कोल! पटकथेत लिहिलं असतं तर कुणी खपवून घेतलं नसतं.

खोटा आळ? ट्रम्बो 1943 पासून कम्युनिस्ट पक्षात होता. पक्षात असणं हा गुन्हा नव्हता; शिक्षा झाली ती "सभासद आहात का?" याचं सरळ उत्तर न दिल्याबद्दल, काँग्रेसच्या अवमानाची. त्याला निरपराध म्हणायचं तर पक्षात असणं गुन्हा नव्हता म्हणून म्हणा.

आणि यादी सरकारची नव्हतीच. नोव्हेंबर 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात स्टुडिओवाले जमले आणि ट्रम्बो, लार्डनर, कोल यांच्यासह समितीला सरळ उत्तर न देणाऱ्या दहा जणांना काम नाही, जाणूनबुजून कुठल्याही कम्युनिस्टाला नाही, असं त्यांनीच ठरवलं. लेखणी मात्र हवी होती, तीही स्वस्तात. 'रोमन हॉलिडे'च्या कथेचं ऑस्कर गेलं इयान मॅकलेलन हंटरच्या नावावर, कथा ट्रम्बोची. 1957 मध्ये 'द ब्रेव्ह वन'साठी 'रॉबर्ट रिच'चा पुकारा झाला, तर मंचावर दुसराच कुणी आला. रिच म्हणजेही ट्रम्बोच.

'स्पार्टाकस'चा नायक आणि निर्माता डग्लस, त्याचं धाडस खरंच. पण 'एक्सोडस' ट्रम्बो लिहितोय हे दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरने जानेवारी 1960 मध्येच जाहीर केलं होतं. 'स्पार्टाकस' लागला ऑक्टोबरात. काळ्या यादीतल्या लेखकांना ऑस्कर नाकारणारा नियम तर अकादमीने 1959 सालीच मागे घेतला होता.

बरं, मोडली म्हणावं तर 1966 चा 'बॉर्न फ्री' बघा. लिहिला लेस्टर कोलने. पडद्यावर नाव आलं ते टोपणनाव, जेराल्ड एल. सी. कॉप्ली.