चिकट की चिवट

गाडीचे टायर गोटा झाले होते. मी मात्र “जरा झिजलेत” एवढंच म्हणायचो. स्वतःच्या डोक्यावरच्या केसांबद्दलही मी हेच म्हणतो. शेवटी टायरवाल्याने माझंच बोट धरून खाचेतल्या आडव्या पट्टीवरून फिरवलं. पट्टी नक्षीच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, खेळ खलास.

हे टायर मीच हट्टाने घेतले होते. ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल हे सांगणारा त्याच्यावरचा आकडा, २००. रबर मऊ, रस्त्याच्या खडबडीत शिरून बसणारं, त्यामुळे वळणावर गाडी जागची हलायची नाही. पण जे रबर रस्त्याला इतकं बिलगतं, ते थोडं थोडं रस्त्यावरच राहतं, हा तपशील प्रेमात पडताना कुणी वाचत नाही.

“या वेळी ५०० चे घ्या,” टायरवाला म्हणाला. मानक टायरला १०० धरतात, त्या हिशेबाने हा चाचणीच्या रस्त्यावर पाचपट टिकणार. फक्त हा आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच ठरवते, म्हणजे प्रगतिपुस्तक विद्यार्थ्यानेच भरायचं. मी त्याला शेजारचं ‘एए’ दाखवलं. हे अक्षर पकडीचं, आणि इतकी वर्षं मी ते मिरवत होतो. तो म्हणाला, “साहेब, ते ओल्या रस्त्यावर सरळ जाताना ब्रेक मारल्यावरचं. वळणाचं त्यात काही नाही.” मी ज्याला शौर्यपदक समजत होतो, ते हजेरीचं प्रमाणपत्र निघालं.

घरी बायकोला समजावलं, की एकेक टायर जेमतेम तळहाताएवढा जमिनीला टेकतो, अख्ख्या गाडीचा भार चार तळहातांवर, तेव्हा रबर चांगलंच हवं. तिने शांतपणे विचारलं, “तू वळतोस कुठे?” मी मोजलं. ऑफिसच्या वाटेवर वळणं तीन. दोनांवर सिग्नल.

एका वळणासाठी मी ३०० चे घेतले. पहिले काही दिवस गाडी डुलत होती. नव्या टायरची नक्षी खोल, तिचे उंच ठोकळे वळताना वाकतात. झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर जास्त नेमका वळतो, आणि पाणी साचलं की तोच घात करतो. ऐन बहरात यायचं आणि नेमकं तेव्हाच बाद व्हायचं, असा हा जन्म!

आता हवा दर पंधरा दिवसांनी तपासतो, अलाइनमेंट करून घेतो, टायर पुढचे मागे करतो. ते एक वळण आलं, की रबर झिजू नये म्हणून गाडी अगदी हळू घेतो. काल तिथेच मागून सायकलची घंटी वाजली. मी बाजू दिली.