१०९ टक्के खरे, पण कशाचे?

"पेंटासीन या सेंद्रिय अर्धवाहकाच्या अतिपातळ थरात प्रकाशाच्या एका कणातून दोन इलेक्ट्रॉन निघतात. एमआयटीत १०९ टक्के कार्यक्षमता मोजली गेली. आता पॅनेल दुप्पट वीज देणार, सिलिकॉनवर थर फासला की झालं!" हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. यातली पहिली दोन वाक्यं जवळजवळ बरोबर आहेत, म्हणूनच तिसरं सहज गळी उतरतं.

"१०९ टक्के कार्यक्षमता"

२०१३ सालचा हा आकडा खोटा नाही. पण तो ऊर्जेचा नाही, डोक्यांच्या मोजणीचा आहे: ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचे १०० फोटॉन (प्रकाशाचे कण) सौर सेलवर पडले, तर बाहेरच्या तारेत १०९ इलेक्ट्रॉन आले. सूर्यप्रकाशातल्या एकाच रंगापुरती ही गोष्ट. घरच्या पॅनेलवर छापलेले २०-२२ टक्के हे पूर्ण प्रकाशातल्या ऊर्जेपैकी विजेत उतरलेला हिस्सा सांगतात. दोन्हींपुढे टक्क्याचं चिन्ह आहे, एवढ्यावरून त्यांची तुलना होत नाही.

"एकातून दोन, म्हणजे ऊर्जा दुप्पट"

दहाची नोट मोडून पाचची दोन नाणी घेतली, तर खिशातली नाणी वाढली, पैसे नाहीत. इथे तर मोडताना थोडा बट्टाही कापला जातो.

सेंद्रिय पदार्थात प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन मोकळा होत नाही. पदार्थाचा परावैद्युतांक (विरुद्ध भारांमधली ओढ तो किती कमकुवत करतो याचं माप) ३-४ च्या घरात (सिलिकॉनचा सुमारे १२), त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेलं छिद्र एकमेकांना धरून राहतात. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. प्रकाशातून जन्मते ती सिंगलेट जोडी. पेंटासीनमध्ये ती सुमारे ८० फेम्टोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जांशाचाही अतिसूक्ष्म भाग) फुटते आणि शेजारशेजारच्या दोन रेणूंवर कमी ऊर्जेच्या दोन ट्रिपलेट जोड्या उरतात. हेच सिंगलेट फिशन.

हिशेब असा: ६७० नॅनोमीटरचा फोटॉन १.८५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचं माप). पेंटासीनचं ट्रिपलेट सुमारे ०.८६ चं, दोन मिळून १.७२. प्रत्येक इलेक्ट्रॉन फार तर ०.८६ व्होल्टने बाहेर येणार. प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. अगदी उदार होऊन पूर्ण ०.८६ धरले तरी १.०९ गुणिले ०.८६ भागिले १.८५, म्हणजे त्या एका रंगापुरते ५१ टक्के. प्रवाह वाढतो, व्होल्टेज उतरतं.

मग फायदा काय? साध्या सेलमध्ये निळ्या-हिरव्या फोटॉनची जादा ऊर्जा उष्णता होऊन जाते. फिशन तिचा दुसरा इलेक्ट्रॉन करतं. तांबड्यापलीकडच्या फोटॉनना मोडायला पुरेशी ऊर्जाच नसते. म्हणून एका जोडाच्या (एकाच अर्धवाहक सांध्याच्या) सेलची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ३३ वरून सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत जाते. ही वाढ मोठी आहे, पण दुप्पट नव्हे, आणि अजून कागदावरच आहे.

"थर जाड केला की आणखी वीज"

त्या सेलमधला पेंटासीनचा थर १५ नॅनोमीटरचा होता. एवढा थर एका फेरीत निम्माही प्रकाश शोषत नाही, म्हणून प्रकाश पुन्हापुन्हा थरातून फिरवावा लागला. शोषलेल्या १०० फोटॉनमागे सुमारे १६० इलेक्ट्रॉन मिळाले होते. १०९ ला १६० ने भागलं की कळतं, इतकं करूनही साधारण ६८ टक्केच प्रकाश शोषला गेला.

मग जाडी का वाढवत नाहीत? ट्रिपलेटला शेजारच्या फुलरीनच्या (इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या कार्बन-गोळ्यांच्या) थराच्या सीमेपर्यंत पोहोचायचं असतं, तिथेच जोडी सुटते. सिंगलेट काही नॅनोमीटरची उडी मारू शकतं. ट्रिपलेट मात्र शेजारच्या रेणूचे इलेक्ट्रॉन-मेघ एकमेकांत मिसळले असतील तरच सरकतं, साधारण एक नॅनोमीटरच्या टप्प्यांनी. वाटेत स्फटिकाचा सांधा किंवा अशुद्धी लागली की अडकतं. थर फार पातळ झाला तर उलटी अडचण: फुटण्याआधीच सिंगलेट सीमेवर पोहोचतं आणि एकच इलेक्ट्रॉन देतं. जाडी ठरवणं म्हणजे या दोन तोट्यांमधली तडजोड.

"सिलिकॉनवर फासला की झालं"

पेंटासीन तर नाहीच. सिलिकॉनची ऊर्जादरी (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ०.८६ चं ट्रिपलेट ती ओलांडणार कसं? म्हणून टेट्रासीन हा त्याचाच भाऊबंद रेणू घेतात, त्याचं ट्रिपलेट १.२५ चं. ट्रिपलेट जवळपास अदीप्त असतं, प्रकाश टाकून दुरून ऊर्जा देत नाही. त्याला सिलिकॉनला चिकटावंच लागतं. आणि उघडं सिलिकॉन वीज वाहणारे इलेक्ट्रॉन गिळतं, त्यावर संरक्षक थर हवाच. तो थर जाड झाला की ट्रिपलेट अडतं. २०१९ मध्ये हाफ्नियम ऑक्सिनायट्राइडचा अवघा ०.८ नॅनोमीटरचा थर मध्ये घालून हे साधलं. याला फासणं म्हणत नाहीत.

शिवाय पेंटासीनला उजेड आणि ऑक्सिजन एकत्र सोसत नाहीत. त्याचं निळं द्रावण हवेत काही मिनिटांत फिकं पडतं. मधल्या कड्यावर ऑक्सिजन बसतो आणि रेणू कामातून जातो. थर निर्वातात चढवून लगेच सीलबंद करावा लागतो.

शंभरावरचा आकडा तपासायचा कसा

किरणाचा ठिपका सेलच्या क्षेत्रापेक्षा लहान हवा, आणि तोच ठिपका प्रमाणित सिलिकॉन डायोडवर टाकून फोटॉन मोजलेले हवेत. ठिपका डायोडच्या कडेबाहेर सांडला, तर फोटॉन कमी मोजले जातात आणि सेलचे टक्के फुगतात. नंतर सेलजवळ अर्ध्या टेस्लाच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र लावावं. फिशन खरोखर होत असेल, तर क्षेत्रामुळे त्याचा वेग मंदावतो आणि प्रवाह थोडा घटू शकतो. पण फिशन जवळजवळ पूर्ण होत असेल, तर चुंबक आणूनही काटा फारसा हलत नाही, म्हणून आधी तो ठिपकाच पाहावा.