दोन बोटे हवा

पिकअपची 17 इंची चाके काढून तिला 20 इंची चाके बसवून घेतली आणि मी दुकानातून बाहेर पडलो, तेव्हा मला स्वर्ग दोन बोटे उरला होता. तीच दोन बोटे पुढे माझ्या मणक्यांतून वसूल होणार आहेत, याची कल्पना पहिल्या गतिरोधकापर्यंत आली नाही.

मूळ चाकांत काडीचाही दोष नव्हता. ती दिसायला गरीब होती, एवढाच त्यांचा अपराध. नव्या चाकांच्या चकाकत्या आऱ्यांकडे मी टक लावून पाहत असताना दुकानदाराने "साहेब, चाक मोठे तेवढा खड्डा लहान" हे सूत्र माझ्या कानात सोडले, आणि त्याच बैठकीत माझी जुनी चारही चाके टायरांसह मोडीत घेऊन परतीचा मार्गही बंद करून टाकला. हौद्याखाली टांगलेले जादा चाक तेवढे जुने राहिले, कारण तिथे कोणी वाकून पाहत नाही आणि मीही पाहिले नव्हते.

त्या रात्री पाठ शेकत पालथा पडलो असताना टायरवरचे आकडे प्रथमच गांभीर्याने वाचले. जुन्या टायरवर 265/65 आर 17 असे लिहिलेले होते. हा 'आर' त्रिज्येचा, असे मी आजवर अनेकांना आत्मविश्वासाने सांगत आलो होतो. तो रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत आडवे गेलेल्या, रचनेचा निघाला, आणि 17 हा रिमचा व्यास. मधला 65 हा आकडा मात्र खरा घरभेदी आहे. टायरची रुंदी 265 मिलिमीटर, आणि रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची भिंत त्या रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे सुमारे 172 मिलिमीटर उंच. नवा टायर 265/50 आर 20. त्याची भिंत जेमतेम 132 मिलिमीटरची. चाळीस मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन बोटे हवा, मी पदरचे पैसे मोजून काढून टाकली होती. टायरसकट उभ्या चाकाचा व्यास काढला, तर जुने 776 मिलिमीटर भरले आणि नवे 773! उंच चाक खड्ड्यात कमी रुतते, हे दुकानदाराचे म्हणणे चाकाच्या एकूण उंचीबाबत खरेच आहे. माझ्या बाबतीत मोठे झाले होते ते फक्त धातूचे वर्तुळ, आणि बाहेरून चाक तीन मिलिमीटरनी खुजेच झाले होते.

हवेचा टायर आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने तयार केला आणि 1888 साली त्याचे पेटंट घेतले. एक बाप मुलासाठी हवा भरण्यात गुंतला होता आणि मी कुटुंबाला गाडीत बसवून ती काढण्यात, हा विचार त्या रात्री मला फार लागला.

त्यातून वाहन पडले पिकअप. हिचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या, ओझे वाहण्यासाठी घडवलेले असतात. हौदा रिकामा असला, की ते एखाद्या करारी आजोबांसारखे वाकायलाच तयार नसतात, आणि अशा वेळी लहानसहान खड्डे गिळण्याचे काम बव्हंशी टायरलाच करावे लागते. शिवाय नवी चाके वजनाने जड. पाट्यांच्या खाली लोंबकळणारे वजन जितके जास्त, तितके शॉक अब्सॉर्बरला ते आवरणे कठीण, त्यामुळे खड्डा संपल्यावरही चाकाची थरथर काही काळ चालूच राहते. वाळूची पोती हौद्यात टाकून पाहिली. पाटे थोडे नमले, मोठ्या खड्ड्यांवरचे उसळणे मंदावले, पण बारीक कडांचे टोले जसेच्या तसे राहिले. इंधन मात्र वाढले. मग हवा कमी करण्याचा विचार मनात आला. परंतु ठेंगण्या भिंतीच्या टायरात हवा कमी ठेवली, तर खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये तो अडकित्त्यातल्या सुपारीसारखा सापडतो, आणि ओझ्याखाली तापतो ते वेगळेच. दाराच्या चौकटीवर छापलेला हवेचा आकडा कोणाच्या पाठीकडे पाहून ठरवलेला नसतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, की वळणावर गाडी पूर्वीपेक्षा चटकन वळू लागली, कारण भिंत आखूड असल्याने टायर कडेला कमी कलंडतो. हे मी घरी दोनदा सांगून पाहिले. "अहो, मग सरळ रस्त्याने जाऊच नका," एवढेच उत्तर मिळाले.

शेवटी व्हायचे ते झाले. एका खड्ड्यात मागचे डावे चाक असे आदळले, की रिमची कड दुमडली आणि हवा निघून गेली. गुडघे टेकून हौद्याखालचे जुने चाक काढले आणि बसवले. एका आसावर दोन तऱ्हांचे टायर फार काळ ठेवू नयेत, हे ठाऊक असल्यामुळे रिम दुरुस्त होईपर्यंत गाडी हळू चालवायची असे ठरवले. उंचीत तीन मिलिमीटरचाच फरक, त्यामुळे बाहेरून फारसे काही जाणवत नव्हते. आत मात्र जाणवले. त्या चाकाच्या बाजूला, मागच्या डाव्या जागेवर बसणारे आमचे काका अर्ध्या तासात चक्क घोरू लागले, आणि त्या दिवसापासून मागची डावी जागा मिळवण्यासाठी घरात अशी चढाओढ सुरू झाली, की निघण्यापूर्वी दहा मिनिटे आधीच कोणीतरी तिथे जाऊन बसलेले असते.

काल काका माझ्या शेजारी, पुढच्या जागेवर बसले होते. बराच वेळ रस्ता न्याहाळून ते अचानक सावरून बसले आणि बोट दाखवत हळूच म्हणाले, "अरे, तो बघ, डावीकडे चांगला खोल आहे. पुढचं चाक घाल त्यात."